प्रेमकादंबरी निवडावी कशी? (नवशिक्यांसाठी)

सावेडीतल्या आमच्या पुस्तकभिशीत अकरा जणी आहेत. नियम भिशीचेच. दर महिन्याला चिठ्ठी निघते, जिचं नाव निघेल तिनं पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायचं आणि चर्चेच्या दिवशी खायलाही करायचं. पोहे बिघडले तर माफी आहे; पुस्तक बिघडलं तर वर्षभर ऐकावं लागतं. फेब्रुवारीत प्रेमकादंबरी वाचायची असं कुणीतरी एकदा बोलून गेलं आणि आता ते कुळाचार असल्यासारखं पाळलं जातं. यंदा फेब्रुवारीची चिठ्ठी एका नव्या मेंबरच्या नावानं निघाली आणि तिचा रात्री साडेदहाला मला फोन आला. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

सगळ्यात आधी, ‘प्रेमकादंबरी’ हा शब्द उच्चारू नका. ग्रुपवर मेसेज टाकताना ‘स्त्री-पुरुष नात्याचा वेध घेणारी कलाकृती’ असं काहीतरी लिहा. अकराही जणींना मनातून प्रेमकादंबरीच हवी असते, पण ती हवी आहे हे एकीलाही दिसू द्यायचं नसतं. सून चहा घेऊन आली आणि ‘आई, काय वाचताय?’ म्हणाली, तर सांगायला भारदस्त उत्तर लागतं. म्हणून आधी निमित्त शोधायचं. पुस्तक त्याच्या मागून येतं.

नगरकरांना सगळ्यात भक्कम निमित्त घरबसल्या मिळालेलं आहे. मराठी प्रणयकादंबरीचे बादशहा ना. सी. फडके 4 ऑगस्ट 1894 ला कर्जतला जन्मले. कर्जत म्हणजे आपलं, राशीनच्या देवीच्या तालुक्याचं. लोणावळ्याला जाताना लागतं ते नव्हे. हा खुलासा पहिल्याच मेसेजमध्ये करा, कारण प्रत्येक भिशीत एक मेंबर रायगडकडची असते आणि ती लेखक पळवून नेते. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तरी फडके आपलेच राहिले. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथं जन्मलेल्या माणसानं पुढे मराठी प्रेमिकांना टेनिस कोर्टावर आणि मोटारींत भेटवलं, सत्तरहून जास्त कादंबऱ्यांमधून! ‘जादूगार’ (1928) किंवा ‘दौलत’ (1929) घ्या. ‘आपल्या जिल्ह्याच्या साहित्यिकाचं पुनर्वाचन’ म्हटलं की कुणाची विरोध करायची छाती होत नाही.

फडके निवडण्यात आणखी एक सोय आहे. चर्चेत कुणीतरी वि. स. खांडेकरांचं नाव घेतंच, आणि ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद सुरू होतो. तो पाऊण तास सहज चालतो, आणि तेवढ्या वेळात पुस्तक कुणी वाचलंय हे विचारायचं राहून जातं. तुमचं स्वतःचं वाचून झालं नसेल तर खांडेकरांचं नाव तुम्हीच घ्या. मेंबरांत डॉक्टर असेल तर फडक्यांनी संततिनियमनाचाही हिरिरीनं प्रचार केला, ही माहिती तिच्यासाठी राखून ठेवा. कादंबरी कशी लिहावी हे त्यांनी 1931 साली ‘प्रतिभासाधन’मध्ये शिकवलं. कशी निवडावी हे शिकवायचं राहिलं, ते काम माझ्याकडे आलंय.

दुसरं निमित्त इतिहासाचं. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ 1972 ची. प्रेम बाजीराव-मस्तानीचं, पण पेशवे म्हटलं की घरातले पुरुषही पुस्तकाकडे आदरानं बघतात. इथंही नगरचा धागा सापडतो: 1997 चं मराठी साहित्य संमेलन नगरला झालं, त्याचे अध्यक्ष इनामदारच. अडचण एकच. अर्ध्या जणींनी 2015 चा सिनेमा पाहिलेला असतो आणि त्या चर्चेला घागऱ्यांच्या घेरावर बोलतात.

तिसरं निमित्त थेट सर्वोच्च न्यायालयाचं, आणि ते मला स्वतःला फार आवडतं. चंद्रकांत काकोडकर म्हटलं की आमच्या पिढीला उशीखाली दडवलेली कादंबरी आठवते. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयानं दोषी धरलं. प्रकरण दिल्लीला गेलं आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून काढलेला राजेश खन्नाचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. मराठी लेखकाचं एवढं भाग्याचं साल दुसरं कुठलं असेल? तेव्हा काकोडकर सुचवताना ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या लढ्यातला लेखक’ असं म्हणा. मी म्हटलं होतं. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई चष्मा काढून म्हणाल्या, ‘निकालपत्र वाचू या, कथा नको.’

अशा प्रसंगी ‘रणांगण’ बाहेर काढायचं. विश्राम बेडेकरांची ही 1939 ची कादंबरी. युरोपातून परतणारा चक्रधर, हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू मुलगी हॅर्टा, आणि बोटीवरचे मोजके दिवस. मागे महायुद्धाचं सावट असल्यामुळे निमित्त शोधावंच लागत नाही. मुखपृष्ठ वर करून बसमध्येसुद्धा वाचता येते. शिवाय ती बारीक आहे. भिशीचं पुस्तक बारीकच असावं, या एका बाबतीत माझं मत कुणी बदलू शकलेलं नाही. जाड पुस्तकाची पहिली साठ पानं सगळ्या वाचतात, मग चर्चाही साठाव्या पानाशी थांबते. एक पथ्य मात्र पाळा: शेवट आधी फोडू नका. फोडणारी कोण आहे हे तुम्हाला माहीत असतंच. तिला पुस्तक सगळ्यात शेवटी द्या.

इथं एक सावधगिरीची सूचना. चर्चा चालू असताना एखादी म्हातारी मेंबर हळूच म्हणते, ‘अगं, मग लक्ष्मीबाई टिळक का नको?’ आणि सगळ्या गप्प होतात. कारण ती खरं बोललेली असते. नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाई दूर राहिल्या, आणि 1900 साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं, आधीची भांडणं, नंतरचा नगरचा संसार, टिळकांचा राग आणि त्या रागाकडे पाहून बाईंना येणारं हसू. ‘स्मृतिचित्रे’सारखी प्रेमकथा कुठल्या कादंबरीकाराला रचता आली? पण नियमानं ते आत्मचरित्र ठरतं. शिवाय ते प्रत्येकीच्या घरी उघड्या कपाटात असतं. त्याला निमित्त लागत नाही, म्हणून भिशीत त्याची पाळीच येत नाही.

आता प्रतींचं. अकरा जणींसाठी अकरा प्रती मिळवण्याची स्वप्नं पाहू नका. कुणाचा तरी मुलगा पुण्यात असतो; त्याला शनिवारी अप्पा बळवंत चौकात पिटाळा, चार मिळतील. उरलेल्यांसाठी आपलं जिल्हा वाचनालय आहेच, 1838 सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ निघाली 1857 ला. म्हणजे नगरकर वाचनालय उघडून एकोणीस वर्षं मराठी कादंबरीची वाट बघत बसले, आणि आली तीही विधवांच्या हालांची. प्रेमाच्या गोष्टीसाठी त्यांना आणखी किती थांबावं लागलं असेल!

वाचनालयाची प्रत परत करण्याआधी खोडरबर घेऊन बसा. मेंबर पेन्सिलीनं खुणा करतात आणि विचारलं की ‘आधीच्याच होत्या’ म्हणतात. गेल्या फेब्रुवारीत ‘रणांगण’ झालं तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी ‘फारच हळवं आहे, आमच्या काळी बरं वाटायचं’ असं म्हणून ते दोन वाक्यांत निकालात काढलं आणि पोह्यांत मीठ कमी असल्याकडे वळल्या. त्यांच्याकडून आलेली प्रत मी घरी उघडली. चाळीसेक पानांवर ओळींखाली रेघा होत्या, सगळ्या पट्टी लावून मारलेल्या. खोडायला दोन दुपारी गेल्या, कारण खोडण्याआधी मी प्रत्येक ओळ वाचत होते.