गाडी ३० मिलिमीटर खाली, घर डोक्यावर

श्टुटगार्ट

तीर्थरूप अप्पांना सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या नातवाने स्वतःच्या कमाईतून जुनी गोल्फ घेतली, हे कानावर आलंच असेल. गाडी चांगली आहे, पण त्याला ती उंच वाटली. कोकणात जाताना सात माणसं आणि आंब्याच्या पेट्या भरल्या की आपल्या पद्मिनी गाडीचा मागचा भाग रस्ता झाडायचा, म्हणून आपण तिचे पाटे वाढवून घेतले होते. नातवाने पैसे मोजले ते नेमके उलट कामासाठी. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा त्याने मागवल्या.

गुरुत्वमध्य खाली गेला की वळणावर गाडी कमी कलते, असं त्याचं म्हणणं. ते खरंच आहे. मात्र टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट त्याला आधी खुपली आणि गुरुत्वमध्य नंतर सुचला, असा घरात सर्वांना संशय आहे.

काम शनिवारी काढलं, कारण रविवारी ठोकाठोक केली तर इथे शेजारी थेट पोलिसांना बोलावू शकतात. आपले चिरंजीव मदतीला उतरले. ते ऑफिसात गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितात, त्यामुळे गाडीच्या पोटाशी त्यांचा परिचय ऐकीवच. तरी जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, आधी घोड्या लावायच्या, हे त्यांनी बजावलं. एवढ्यावर त्यांचं मार्गदर्शन संपलं.

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना फोर्डने १९५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॉन्सल गाडीत आणली. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबावर, म्हणून स्प्रिंग हवी तर अख्खा खांब उतरवायचा. त्याचे वरचे बोल्ट गोल्फमध्ये समोरच्या काचेखालच्या प्लास्टिकच्या पन्हळीआड दडलेले असतात आणि ती पन्हळ वायपर काढल्याशिवाय निघत नाही. सकाळचा बराच वेळ बापलेक वायपरशी झटत होते. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, काच बदलताहेत.

खांब हाती आल्यावर मात्र थट्टा थांबली. गाडीचं वजन पेलणारी ही स्प्रिंग खांबावर दाबूनच बसवलेली असते. वरचा नट तसाच सोडला तर ती बंदुकीसारखी सुटते. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन आकडे समोरासमोर लावून, एकदा इकडचा आणि एकदा तिकडचा स्क्रू फिरवत ती आवळावी लागते. शेजारचे निवृत्त फिटर आजोबा खिशात हात घालून बघत होते. त्यांनी नातवाला खांद्याला धरून स्प्रिंगेच्या रेषेतून बाजूला केलं आणि पुन्हा हात खिशात घातले. इथल्या लोकांची माया अशीच असते.

नव्या स्प्रिंगा आखूड, त्यामुळे त्या फारशा न दाबता बसल्या. मागच्या तर जेवणाआधी झाल्या. बारकावा शेवटी होता. मागच्या दांड्यांतले रबरी बुश गाडी हवेत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. वजन चाकांवर आल्यावरच्या उंचीलाच ते बोल्ट आवळायचे. काही बोल्ट तर एकदाच वापरायचे असतात, जुने फेकून नवे घ्यावे लागतात. चिरंजीवांनी जुने जपून डब्यात ठेवले आहेत, घराण्याची सवय.

एवढं होऊनही गाडी रस्त्यावर कायदेशीर नव्हती. स्प्रिंगेच्या खोक्यात प्रमाणपत्र असतं, ते घेऊन तपासणीला जायचं, तिथल्या इंजिनिअरचा शेरा मिळवायचा आणि तो गाडीच्या कागदांत चढवायचा. नाहीतर गाडीचा परवानाच रद्द समजला जातो. ही तपासणी करणारी ट्यूफ ही संस्था मुळात वाफेच्या बॉयलरसाठी जन्मली. मानहाइममधल्या एका ब्रुअरीत १८६५ साली बॉयलर फुटला, पुढच्या वर्षी कारखानदारांनी तपासणी संघ काढला. त्या परंपरेतल्या माणसाने गाडीची कर्णरेषेतली दोन चाकं उचलून टायर कुठे घासतो का पाहिलं, गाडी हवेत लटकताना स्प्रिंग जागेवर राहते का तपासलं, दिव्यांची उंची मोजली आणि मान हलवली. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट वेगळं करून घेतलं.

आता गाडी सुरेख वळते. तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर तिचं नाक घासतं आणि मागे बसणाऱ्याकडून रस्त्यातल्या प्रत्येक सांध्याची मोजदाद होते. सूनबाई बसने जाते.

पुण्याच्या धाकट्या भाच्याने फोटो पाहून हेच करायचं मनावर घेतलंय, असं समजलं. त्याला कृपया सांगा, आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. आधी आरटीओत विचारावं. आणि त्याच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक एकदा पट्टीने मोजून आम्हाला उंची कळवावी.