गल्लीतला कादंबरीवाला

"ऐकलंस का गं? त्या कोपऱ्यावरच्या घरातला बँकवाला कादंबरी लिहितोय."

वसईच्या माणिकपुरात बातमी चर्चच्या घंटेआधी पोचते, आणि आमच्या गल्लीत ती आधी मावशींच्या कुंपणावर येते. मावशींनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. हातात पाण्याचा पाइप, नजर माझ्या अंगणात.

"नोकरी सोडली की काय त्याने?"

"कसली सोडतो! रात्री जागून लिहितो. आई बिचारी काळजीत. काल मिस्सा सुटल्यावर मला गाठलं. म्हणते, बाई, ह्याच्या डोक्यात हे आलं कुठून? आणि ख्रिस्ती माणसाच्या कादंबरीत असतं काय? देवाचंच ना सगळं?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, अगं, मराठीतली पहिली कादंबरीच मुळी ख्रिस्ती माणसाची. बाबा पदमनजी, बेळगावचे. १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांत ‘यमुनापर्यटन’."

"१८५७. बंडाचं साल."

"तेच. तिकडे तोफा धडाडतायत आणि हा बाबा विधवांचं लिहितोय. विधवाविवाहाचा कायदा १८५६ला झाला होता, पण घरोघरी बायकांची डोकी भादरणं चालूच. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, आणि जाईल तिथे कोणीतरी विधवा आपली कर्मकहाणी सांगते. म्हणजे यमुना करते काय? आपण आत्ता करतोय तेच!"

"पण मावशी, मी कॉलेजात वाचलीय ती. नवरा मरताना ख्रिस्ती होतो, यमुनाही होते, मग तिचं ख्रिस्ती मुलाशी लग्न. शेवट आधीच ठरवून ठेवल्यासारखा."

"खरंय ते. विधवा बोलतात तोवर मी वाचते, धर्मोपदेश सुरू झाला की पानं उलटते. पण माणसाला लिहायला बसवलं कोणी? त्या बायकांनीच ना?"

मी ‘टॉमकाकाची केबिन’ या कादंबरीची आठवण काढली. मावशींनी पाइप खाली टाकला. म्हणजे आता लवकर सुटका नाही.

"हॅरिएट बीचर स्टो! बाप पाद्री, नवरा पाद्री. १८४९ला कॉलऱ्याने तान्हं पोर गेलं. नंतर ती म्हणायची, बाजारात मूल विकलं जातं तेव्हा गुलाम आईचं काय होत असेल, ते मला त्या दिवसांत कळलं. पुढे चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी मार खाऊन मरणारा म्हातारा गुलाम तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. १८५२ला पुस्तक आलं आणि अमेरिका हादरली."

"सगळ्यांनाच काही असं दुःख लागत नाही. ‘बेन-हर’वाला तर आगगाडीत फजिती झाली म्हणून लिहायला लागला."

"तो सेनापती? लू वॉलेस?"

"तोच. १८७६ साली गाडीत इंगरसॉल भेटला, देव न मानणारा नामांकित वक्ता. तो बोलत राहिला आणि ह्याच्या लक्षात आलं, आपण जन्माचे ख्रिस्ती, पण आपल्या धर्माचं आपल्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही. लाज वाटली, अभ्यासाला बसला. चार वर्षांनी कादंबरी बाहेर."

"आपल्याकडे असे किती निघतील गं! मिस्सा चुकत नाही, पण विचारलं तर ततपप." मावशी हसल्या. "आणि तो जपानी कादंबरीकार? शुसाकू एंडो?"

एंडोची गोष्ट मला जास्त आवडते. जपानमध्ये एके काळी ख्रिस्ती लोकांना येशूच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत. दिला तर जीव वाचायचा. नागासाकीत एंडोने अशी एक प्रतिमा पाहिली, पाय पडून पडून काळवंडलेली. हुतात्म्यांवर ग्रंथ होतेच. ह्याला प्रश्न पडला तो पाय देणाऱ्यांचा: ती भित्री माणसं कोण होती, त्यांच्या मनाचं काय झालं, आणि मी असतो तर? त्यातून १९६६ साली ‘सायलेन्स’ आली.

"बघ, म्हणजे श्रद्धा पक्की होती म्हणून नाही, शंका आली म्हणून लिहिलं," मावशी म्हणाल्या. "आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचं घे. कादंबरी नाही, आठवणी आहेत, पण ‘स्मृतिचित्रे’पुढे किती कादंबऱ्या फिक्या! १८९५ला त्यांचे पती टिळक ख्रिस्ती झाले, संसार मोडायची वेळ आली, बाईंनी पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. एवढं सोसूनही पुस्तकात उपदेश शोधावा लागतो. हसणं मात्र पानोपानी."

"पण हा बँकवाला कशावर लिहिणार? इथे ना गुलाम, ना छळ."

"इथे काय कमी आहे? विकलेल्या वाड्या, बुजवलेल्या विहिरी, आखाताला गेलेली पोरं, दागिने मोडून उभे केलेले टॉवर. आपल्या वसईच्या दिब्रिटो फादरांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, ‘सुबोध बायबल’ दिलं, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; पण हरित वसईसाठी आधी रस्त्यावर उतरले होते. जे खुपतं तेच लेखणीत येतं, बाई."

"म्हणजे देवाची ओढ नाहीच का?"

"आहे ना. पण नुसती देवाची ओढ असली तर माणूस गुडघे टेकतो, प्रार्थना करतो, उठतो. कादंबरी लिहायला शेजारी लागतो. येशूने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं, आणि शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय हेच ठाऊक नसेल तर प्रेम करणार कोणावर?"

कुंपणावरच्या गप्पांचं इतकं ठाम समर्थन मी याआधी ऐकलं नव्हतं.

"त्याच्या आईला मी सांगितलंय," मावशींनी पाइप उचलला. "पोराला लिहू दे. फक्त म्हणावं, आधी लोकांचं ऐक, शेवट आधी ठरवू नकोस, आणि उपदेश करायला चर्चमध्ये फादर आहेत."