तेल, पाणी आणि भाचा

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक विनवणी लिहून ठेवत. विनवणी पोथीच्याच तोंडी असे. तेलापासून मला वाचवा, पाण्यापासून वाचवा, माझी बांधणी ढिली पडू देऊ नका आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नका. कुठे कुठे लेखनिक जाता जाता आपली पाठ, कंबर आणि मान मोडल्याचंही नोंदवून ठेवतो. आमच्या घरी ई-रीडर आला तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात शब्द निराळे होते, पण धास्त्या त्याच चार. फक्त मान मोडल्याची तक्रार आता लेखनिकाकडून वाचणाऱ्याकडे आली आहे.

पोथी कशी जपावी हे रिद्धपुरात कोणाला शिकवावं लागत नाही. मोर्शी तालुक्यातलं हे गोविंदप्रभूंचं गाव. इथेच वाजेश्वरीत बसून म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन जाऊन, विचारून विचारून त्यांनी आठवणी गोळा केल्या होत्या. आता 2024 पासून गावात मराठी भाषा विद्यापीठही आहे, त्यामुळे पुस्तकाबद्दल कोणी काही बोललं तर ऐकणारे चार जण जास्तीचे मिळतात. अशा गावात मी काळ्या पाटीसारखी दिसणारी वस्तू घेऊन ओट्यावर बसलो, तर तिच्याबद्दल पहिला प्रश्न 'किती जीबी?' असा आला नाही. मोठ्या आईने विचारलं, "याले बासन नाही काय?"

मोठी आई महानुभाव पंथाची उपदेशी. तिच्या दृष्टीने उघडी पोथी म्हणजे उघडं लेकरू. तिने जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाची दुहेरी पिशवी शिवली, आत वाकळीचा तुकडा घातला आणि वरून नाडी. त्यावर लाल फडकं. बाजारातली कव्हरं हजार-पंधराशेला मिळतात, ती फार तर कोपरे सांभाळतात. या पिशवीतला ई-रीडर गच्चीवरून पडला तरी झोपमोड होणार नाही. अडचण एवढीच की ओट्यावर चहा येईपर्यंत दोन पानं वाचू म्हणावं, तर गाठी सुटेपर्यंत चहा पिऊन होतो.

तरी पिशवी मला पटते. या यंत्राचा पडदा कागदासारखा दिसतो म्हणून माणूस त्याला कागदासारखं वागवतो, आणि तिथेच फसतो. त्याच्या आत केसाच्या जाडीइतक्या बारीक कुप्या असतात. कुपीत पांढरे आणि काळे कण. विजेचा इशारा मिळाला की कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते धरून ठेवायला वीज लागत नाही, पान उलटतानाच काय ती लागते. म्हणून एका चार्जिंगवर आठवडे निघतात आणि गावातली लाइन गेली तरी कथानायिका जिथे उभी होती तिथेच उभी राहते. पण या सगळ्याच्या मागे बहुतेक यंत्रांत पातळ काच असते. पिशवीत स्टीलच्या डब्याशी तिची गाठ पडली, किंवा एसटीत शेजारचे काकाजी तिच्यावर टेकून बसले, की वरून ओरखडाही न दिसता अर्धं पान कायमचं गोठतं. तेव्हा प्रवासात यंत्राची जागा कपड्यांच्या मधोमध, धोतराच्या आणि टॉवेलाच्या मध्ये. डबा दुसऱ्या पिशवीत. लोणच्याची बरणी तर दुसऱ्या माणसाकडे.

तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे आलूबोंडा हातात असताना पुस्तक वाचू नये असा नियम करणं म्हणजे वाचनच बंद करणं. कागदी पुस्तकावर पडलेला तेलाचा डाग निदान कोणत्या पानावर काय खाल्लं याची नोंद ठेवतो. इथे बोटाचा डाग सगळ्या पुस्तकांवर एकदम पडतो, ज्ञानेश्वरीपासून गुप्तहेरकथेपर्यंत. कोरड्या मऊ फडक्याने पुसावा, बस. आणि संत्रं तर पडद्यासमोर सोलूच नये. मोर्शी-वरूडच्या माणसाला हे सांगणं अवघड आहे, पण सालीतून उडणारा तो बारीक फवारा नेमका वाचत्या ओळीवरच येतो.

पाण्याला आता नवी यंत्रं फारशी भीत नाहीत. किंडलची पेपरव्हाइट 2018 पासून दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर टिकते असं कंपनी सांगते. दोन मीटर पाण्याखाली तासभर कोण वाचतं हे मात्र सांगत नाही. त्यापेक्षा मोठी पंचाईत उन्हाची. किंडलच्या माहितीपत्रकात वापरण्याची मर्यादा 35 अंशांपर्यंत दिली आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. म्हणजे कागदोपत्री मार्च सरला की यंत्र गुंडाळून ठेवायचं आणि मृगाचा पाऊस पडला की सोडायचं! प्रत्यक्षात ते कूलरसमोर आमच्याइतकंच टिकून असतं. फक्त बंद मोटारीच्या काचेमागे त्याला ठेवू नये. तिथे तर लेकरूही ठेवू नये.

सुट्टीत आम्ही चिखलदऱ्याला जातो. वर धुकं असतं, सगळं ओलसर; तिथे पिशवीवर एक प्लास्टिकची पिशवी चढते आणि गाठींची संख्या वाढते. माकडांचं काय करायचं हे माहितीपत्रकात नाही. माकडाला वाचनात रस नसतो, पण माणूस जी वस्तू दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्याकडे टक लावून बघतो, ती खाण्याचीच असणार असं त्याचं ठाम मत आहे. त्यावर उपाय म्हणजे बिस्किटाचा पुडा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देणं.

प्रवासाचा विचार करताना मला नेहमी महानुभावांची आठवण होते. अटन हा त्यांचा आचार. सामान कमी, चालणं फार. त्यांच्या पोथ्या या वाटेने पंजाबात पोचल्या, तिथे पंथाला जयकृष्णी म्हणू लागले, आणि पुढे पार काबूलपर्यंत मराठी पोथ्या गेल्या. पूर, धाडी, वाळवी, खैबरची थंडी. वॉरंटी कोणाचीच नाही.

राहिली चौथी धास्ती, मूर्खाच्या हाताची. रिद्धपुरात मूर्ख कोणाला म्हणायचं हे जपून ठरवावं लागतं. गोविंदप्रभूंचं वागणं बघून त्या काळी लोक त्यांना वेडं म्हणत, ते पोरांत खेळत, मनाला येईल तिथे जात, आणि शेवटी गावच त्यांच्या नावाने ओळखलं गेलं. म्हणून मी ई-रीडर कोणाच्याही हाती देतो. मोठ्या आईच्या हाती दिला तेव्हा तिने आधी भिंग मागितलं. मी अक्षर वाढवत नेलं, वाढवत नेलं, शेवटी पडद्यावर पाच-सहा ओळी उरल्या. तिने भिंग बाजूला ठेवलं. "अक्षर लय चांगलं झालं गा," ती म्हणाली, "पण पान लवकर सरते." महानुभावांच्या केसोबासांना संस्कृतात लिहायचं होतं तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं, कारण त्याने पंथातल्या म्हाताऱ्या वंचित होतील. अक्षर मोठं करण्याची ही सोय नागदेवाचार्यांना नक्की आवडली असती. मात्र ती पीडीएफला लागू नाही, तिथे पान आहे तसंच मुंगीएवढं दिसतं. जुनी दुर्मीळ मराठी पुस्तकं नेमकी त्याच रूपात मिळतात, आणि भिंग परत बाहेर येतं.

एकदा तिने विचारलं, "हे बिघडलं त याच्यातले पुस्तकं बी जाईन काय रे बापू?"

मी म्हटलं, "नाही गं, विकत घेतलेली पुस्तकं कंपनीच्या कोठारात असतात. परत उतरवता येतात."

"मंग आपल्या घरी काय रायते?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या भानगडीत ऑर्वेलच्या '1984' आणि 'ॲनिमल फार्म'च्या प्रती लोकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या होत्या. पैसे परत दिले, माफीही मागितली, पण ज्या कादंबरीत नको असलेला मजकूर भट्टीत जातो तीच कादंबरी निवडावी, ही विनोदबुद्धी यंत्राची असेल असं वाटत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. तिने लगेच पुस्तकं वहीत उतरवून घ्यायला लावली असती.

आणि मग भाच्याने यंत्र सुरक्षित केलं. अमरावतीहून सुट्टीला आलेला पोरगा, हुशार. "मामा, याला पासवर्डच नाही? कोणीही उघडेल," म्हणाला आणि घालून दिला. महानुभावांनीही हेच केलं होतं. चौदाव्या शतकात सकळ लिपी निघाली, पुढे सुंदरी वगैरे आणखी निघाल्या, आणि पोथ्या इतक्या सुरक्षित झाल्या की बाहेरच्या मराठी माणसाला विसाव्या शतकापर्यंत त्यांतलं अवाक्षर कळलं नाही. राजवाडे आणि भावे या संशोधकांनी ती कुलपं उघडली तेव्हा कुठे मराठीला आपलं जुनं गद्य भेटलं. पंथात निदान उलगडा कोणाला तरी ठाऊक होता. आमचा भाचा दहावीच्या क्लासला निघून गेला आणि फोनवर म्हणाला, "मामा, काहीतरी जन्मतारखेसारखं होतं."

कोणाच्या जन्मतारखेसारखं हे त्याला आठवेना. घरातल्या सगळ्यांच्या लावून पाहिल्या, म्हशीची सोडून. अखेर यंत्र पुसून कोरं करावं लागलं. विकतची पुस्तकं खरोखर कोठारातून परत आली. इकडून तिकडून मिळवून भरलेली फुकटची मात्र गेली, आणि त्यांची यादी कुठेच नव्हती.

लीळाचरित्राचंही मूळ हस्तलिखित धाडीत गेलं असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा उभं केलं. पंथातल्या हिराइसेला सगळं तोंडपाठ होतं म्हणतात, म्हणून तिचा एक पाठ, दुसऱ्यांचे दुसरे. अभ्यासक आजही ते पाठभेद लावत बसले आहेत. आम्हीही बसलो. माझ्या मते पुस्तकं वीसच्या आत होती. भाचा म्हणाला पन्नास, त्यात त्याच्या भुताच्या गोष्टी धरून. मोठ्या आईने डोळे मिटून एकेक नाव सांगायला सुरुवात केली, त्यात दोन पुस्तकं अशी निघाली की ती यंत्रात कधीच नव्हती. पण कुठल्या पुस्तकात ती कुठवर आली होती, तिथे माणूस काय बोलत होता, मागे पाऊस होता की ऊन, हे तिने असं सांगितलं की आम्ही तिचाच पाठ प्रमाण मानला. ती दोन पुस्तकं आता मी शोधतो आहे.