जलतरण तलावावरील वासमहाशयांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय वासमहाशय,
मुक्काम : बंदिस्त जलतरण तलाव

स. न. वि. वि.

तलावाच्या दारातच नाकाला झोंबणाऱ्या वासमहाशयांनी पालकवर्गाचा जो विश्वास संपादन केला आहे, त्याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन करणे हे समाजाचे कर्तव्यच ठरते. कारण वास जितका उग्र तितके पाणी निर्मळ, असा त्यांचा लौकिक असून पोहून परतलेल्या मुलाचे लाल डोळे ही त्या निर्मळतेची पोचपावती मानली जाते.

रसायनशास्त्राची साक्ष मात्र या लौकिकास प्रतिकूल आहे. पाण्यात मिसळलेल्या क्लोरीनपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे काम मुख्यतः तेच करते. सामू, म्हणजे पाण्याची आम्लता किंवा अल्कता दर्शविणारा अंक, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखला, तर दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे अद्याप कशाशीही संयोग न पावलेला क्लोरीन, बहुतेक जीवाणूंचा बंदोबस्त करतो आणि वासाचा फारसा गाजावाजा करीत नाही. घाम आणि मूत्र यांतील युरियासारख्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी त्याची गाठ पडली, की क्लोरामाइन नावाची संयुगे निर्माण होतात, आणि त्यांपैकी सहज उडून जाणारे ट्रायक्लोरामाइन पाणी सोडून हवेत शिरते; दारात नाकाला झोंबणारा वास तो हाच. तात्पर्य, पालक ज्यांना स्वच्छतेचे दूत समजतात, त्या महाशयांच्या कुळाचा मूळपुरुष बहुधा मुतारीत जायचा राहून गेलेला असतो.

हे ट्रायक्लोरामाइन पाण्यालगतच्या हवेत, म्हणजे पोहणारे मूल श्वास घेते नेमके तेथेच, साचत असल्यामुळे डोळे व घसा चुरचुरणे आणि खोकला येणे हे त्याचे नित्याचे प्रताप होत. दम्याचा आरोप अधिक गंभीर आहे. बेल्जियममधील आल्फ्रेड बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, बंदिस्त तलावावर नियमित जाणाऱ्या शाळकरी मुलांच्या रक्तात फुप्फुसातील विशिष्ट प्रथिनांचे प्रमाण अधिक आढळले, जी फुप्फुसाचे अस्तर झिरपू लागल्याची खूण मानली गेली, आणि तलावाचा दम्याशी संबंध असावा असे त्यांनी सुचविले. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र पोहण्यामुळे दम्याचा धोका वाढल्याचे दिसले नाही. उलट अधिक पोहणाऱ्या मुलांची फुप्फुसे किंचित सरस ठरली. त्यामुळे मुलांच्या दम्याबाबत महाशयांना संशयाचा फायदा देणे प्राप्त आहे, मात्र तो निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. कारण बंदिस्त तलावावर दिवसचे दिवस काम करणाऱ्या जीवरक्षकांत व प्रशिक्षकांत या वायूमुळे जडलेला व्यावसायिक दमा नोंदला गेला आहे.

यावर उपाय म्हणून क्लोरीनच हद्दपार करावा, तर जुलाबाच्या जंतूंना रान मोकळे होते, आणि पोहणेच बंद करावे, तर मूल एका आवश्यक जीवनकौशल्यास मुकते. म्हणून महाशयांची हकालपट्टी करण्याचे तीन साधे मार्ग उरतात : पाण्यात उतरण्यापूर्वी मिनिटभर अंगावर पाणी घेणे, मुलांना वेळोवेळी स्वच्छतागृहात पाठविणे आणि छताखालची कोंदट हवा बाहेर काढून ताजी हवा आत घेणे. तथापि पहिल्यासाठी पालकांना थांबावे लागते, दुसऱ्यासाठी प्रशिक्षकांना तास थांबवावा लागतो आणि तिसऱ्यासाठी व्यवस्थापनाला विजेचे बिल भरावे लागते. हे ध्यानी घेता महाशयांनी पदाची काळजी करण्याचे तूर्त कारण नाही.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

पोहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांच्या वतीने