चौथी उचल

सिडनीच्या मॅरिकव्हिल भागात ग्रीक मंडळींनी सभागृहाच्या छपरासाठी जेवण ठेवलं, की तीन गोष्टी हमखास असतात: सळईवर भाजलेलं कोकरू, लिलाव आणि चॅम्पियन. चॅम्पियन म्हणजे एके काळचे विजेते वेटलिफ्टर. वय सत्तरीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे.

कॉफीचा कप ते अंगठा आत घालून, त्यावर बोटं मिटून धरतात. लोखंडी दांडा निसटू नये म्हणून लिफ्टर घेतात तीच पकड. कप निसटत नाही, त्याचा कान तुटतो. साधी खुर्ची उचलायची तरी आधी तळवे चोळणार, पाय रोवणार, पाठ ताठ करणार, श्वास भरणार. तोवर एखाद्या पोराने खुर्ची नेलेलीसुद्धा असते.

एका आजीने कौतुकाने नातू त्यांच्या हातात दिला. क्षणात पोर डोक्यावर! आणि तिथेच. पंचांनी खूण केल्याशिवाय वजन खाली आणायचं नसतं. बाकावरच्या तीन आज्यांपैकी दोघींनी मान डोलावली, तेव्हा कुठे पोराचे पाय जमिनीला लागले. तिघांत दोघांचा कौल पुरतो म्हणे. तिसरी आजी मात्र कोपर वाकल्याची तक्रार शेवटपर्यंत करत होती.

मग पिरोस दिमासचा विषय निघाला. तो निघतोच. अल्बेनियातल्या हिमाऱ्याचा हा ग्रीक वेटलिफ्टर. १९९२ला बार्सिलोना, १९९६ला अटलांटा, २०००ला सिडनी, तिन्हीकडे ऑलिंपिक सुवर्ण. २००४ला अथेन्समध्ये ब्राँझ घेतलं आणि बूट मंचावरच काढून ठेवून निवृत्त झाला. यातली सिडनीची गोष्ट चॅम्पियन उभं राहून सांगतात. ८५ किलोच्या गटात पहिल्या तिघांचीही उचललेल्या वजनाची बेरीज ३९० किलो. तेव्हाच्या नियमाने ज्याचं स्वतःचं वजन कमी तो पहिला, आणि दिमास किंचित हलका होता! “आदल्या रात्री एक प्लेट लुकुमादेस खाल्ले असते तर गेलं होतं सुवर्ण,” असं म्हणत त्यांनी मधात घोळलेल्या त्या तळलेल्या गोळ्यांची दुसरी प्लेट संपवली.

लिलावात ऑलिव्ह तेलाचा मोठा डबा निघाला. चॅम्पियननी शंभर डॉलर पुकारले, कॅफेवाल्याने एकशे दहा. यांनी एकशे तीस, त्याने एकशे चाळीस. यांनी एकशे पन्नास, त्याने एकशे साठ. चॅम्पियन हाताची घडी घालून बसले.

“अहो, बोला ना पुढे!” लिलाव पुकारणारा काकुळतीला आला.

“माझे तीन प्रयत्न झाले.”

सभागृहाने समजावलं, छपराची शपथ घातली. ते ढिम्म. तेवढ्यात त्यांच्या बायकोने हात वर केला. “दोनशे! पूर्वी विश्वविक्रमासाठी चौथा प्रयत्न देत असत, हे यांनीच मला हजारदा सांगितलंय.”

चॅम्पियन घुश्शात म्हणाले, “देत असत, पण तो बेरजेत धरत नसत.”

खजिनदाराने धरला. रोख.