भंडारदऱ्याच्या समस्त काजव्यांस अनावृत पत्र

काजवेबंधू व भगिनींनो,

सा. न. वि. वि.

नगरवासाच्या कोलाहलाने शिणलेली आमची गात्रे चार घटका निवावीत, या एकाच सात्त्विक हेतूने आम्ही उभयतांनी ज्येष्ठातल्या एका शनिवारी, नाक्यावर रीतसर पावती फाडून, प्रवरेच्या जलाशयाकाठी तंबूत मुक्काम केला. हा जलाशय साठवणारे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. तेव्हापासून या काठावर मोटार, वीज आणि ध्वनिक्षेपक अशी सुधारणेची तिन्ही पावले पडली असताना, तुमच्या जमातीने मात्र काळोखाचा वडिलोपार्जित हट्ट सोडू नये, याचे आम्हांस सखेद आश्चर्य वाटते. सबब ही कैफियत.

विश्रांतीचा सर्व सरंजाम आम्ही जातीने बांधून नेला होता: घडीच्या खुर्च्या, शेगडी, बर्फाची पेटी आणि तंबूवर टांगावयाची रंगीत दिव्यांची माळ. खुंट्या मुरमात शिरेनात, तेव्हा हातोडी घरीच राहिल्याचे निष्पन्न झाले, आणि ती कोणी विसरली या प्रश्नाची चौकशी सूर्यास्तापर्यंत चालली. शेजारच्या तंबूतून वरातीस शोभतील अशी गाणी सुरू झाली, जनरेटर घरघरू लागला. म्हणजे अरण्यातील शांततेचा आस्वाद घेण्याची सिद्धता सर्वतोपरी झाली. तरीही तुमचा पत्ता नाही!

यावर गावच्या वाटाड्याने केलेला खुलासा असा, की तुमच्यातील नर उडता उडता प्रकाशाची खूण करतो, झुडपात बसलेली मादी ती ओळखून उलट खूण करते, आणि मध्ये परका उजेड आला की खुणा बुजून सोयरीक मोडते. पावसाळा तोंडावर आलेला, आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. त्यामुळे मोडलेले लग्न पुढच्या मुहूर्तावर ढकलण्याची सोय तुमच्यात नाही. "बघा, विचारलेल्याला उत्तर तरी देतात ते," असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही त्या वेळी क्रिकेटचा धावफलक पाहण्यात व्यग्र असल्याने "हं" म्हणालो.

इतक्यात जनरेटरातले तेल संपले. त्या अल्पशा अंधारात समोरचा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकू लागला, एक काजवा तर आमच्या तंबूच्या दोरीवर उतरून, श्वास घ्यावा तसा उजळू-विझू लागला, आणि चहूकडच्या तंबूंतून एकच आरोळी उठली, "अहो, दिवे लावा, काजवे दिसत नाहीत!"

तरी आमच्या मागण्या अशा: तुमचा प्रकाश जवळजवळ उष्णतेवाचून निर्माण होतो, हे शास्त्र आम्हांस शिरोधार्य आहे, परंतु तो छायाचित्रात उमटत नाही, सबब वाढवावा. विवाह शनिवार-रविवारी, जेवणे आटोपल्यावर उरकावेत. हिरडा-बेहड्यांवरील वहिवाट सोडून तंबूंच्या आवारात हजर राहावे.

तुमचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले ते कोणाच्या अभयासाठी, असा सवाल करण्याचा तुम्हांस पूर्ण अधिकार आहे. तथापि आजतागायत तुमच्यापैकी एकाचीही हरकत दप्तरी दाखल झाल्याचे आढळत नसल्याने, तुमची संमती गृहीत धरून पुढील वर्षाच्या तंबूची आगाऊ रक्कम आम्ही भरून टाकली आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपले शांतताप्रेमी,
आम्ही उभयतां