खाणवाल्याची देशसेवा

राजकारणात पैसा खाणारे आपण पुष्कळ पाहिले. राजकारणाला पैसा खाऊ घालणारा बघायचा, तर ऑस्ट्रेलिया गाठावी लागेल. लोखंड आणि निकेलच्या जिवावर गब्बर झालेले क्लाइव्ह पामर हे ते दानशूर.

२०१३मध्ये त्यांनी स्वतःच्याच नावाचा पक्ष काढला आणि फेरमोजणीअंती ५३ मतांनी खासदार झाले. सभागृहात मात्र क्वचित दिसत. मालकाने खाणीत उतरायचं नसतं, ही जुनी सवय असावी.

जून २०१४ची ती पत्रकार परिषद विसरणं कठीण. कॅनबेराचं संसद भवन, कॅमेऱ्यांची झुंबड, आणि कोळशाच्या मोठ्या खाणीची स्वप्नं पाहणाऱ्या पामरांशेजारी साक्षात अल गोर! जगभर तापमानवाढीची धास्ती घालत हिंडणारा माणूस. पर्यावरणवाल्यांना गहिवरून आलं. पुढच्याच महिन्यात पामरांच्या सेनेटरांनी हात वर केले आणि कार्बन कर रद्द झाला. हा कर पामरांच्या निकेल कारखान्यालाही लागू होता, हा निव्वळ योगायोग. गोरसाहेब बिचारे फोटोपुरते.

करातून सुटूनही टाउन्सव्हिलजवळचा तो कारखाना २०१६मध्ये बसला. सुमारे ८०० कामगार घरी गेले आणि त्यांच्या देण्याचा मोठा भार सरकारी तिजोरीने उचलला. ते पैसे पामरांकडून वसूल व्हायला २०१९ उजाडलं. त्या वर्षीच्या निवडणुकीसाठी मात्र त्यांच्या कंपनीने पक्षाला आठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली. जागा? शून्य. पण मजूर पक्षाला आपण पाडलं म्हणून स्वारी खूश! २०२२मध्ये दहा कोटींच्या वर उधळले, तेव्हा सेनेटची एक जागा पदरात पडली. एवढा महाग सेनेटर कुठल्याच बाजारात मिळणार नाही.

२०२३मध्ये देशसेवेने कळस गाठला. आपल्या सिंगापूरच्या कंपनीमार्फत, परदेशी गुंतवणूकदार म्हणून, त्यांनी ऑस्ट्रेलियावरच सुमारे ३०० अब्ज डॉलरचा दावा ठोकला. आणि २०२५मध्ये हेच गृहस्थ ‘ट्रम्पेट ऑफ पेट्रियट्स’, म्हणजे देशभक्तांची तुतारी, फुंकत मतदारांपुढे हजर! न मागितलेले संदेश लोकांच्या मोबाइलवर येऊन आदळू लागले. पुन्हा भोपळा. संदेश बंद करायची सोय का नाही, असं लोक चिडून विचारत होते. राजकीय पक्षांना स्पॅमबंदीतून कायद्यानेच सूट आहे, आणि तो कायदा राजकीय पक्षांनीच केलेला आहे.